कुलूप घरात, किल्ली परगावी

लाकडी कपाट एकदा विकत घेतले, की ते घेणाऱ्याच्या मालकीचे होते. ते घडविणारा सुतार पुढे गाव सोडून गेला किंवा त्याने आपला धंदाच बंद केला, तरी कपाटाचे दार पूर्वीसारखेच उघडते. आतले कपडे काढावयास सुताराची परवानगी लागत नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूविषयी सर्वांची समजूत अशीच असते. संगणकाच्या बाबतीत मात्र ही समजूत पुष्कळदा खोटी ठरते.

संगणक स्वतः होऊन काहीच करीत नाही. कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, हे त्याला सूचनांच्या एका संचाने सांगावे लागते. या संचाला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. चित्र रंगविण्याची आज्ञावली वेगळी, पुस्तकाची पाने जुळविण्याची वेगळी आणि खेळाचीही वेगळी. आज्ञावली तयार करण्यास अनेक माणसांचे कष्ट व पुष्कळ पैसा खर्ची पडतो. पण तिची नक्कल मात्र क्षणात करता येते. एकाने विकत घ्यावी आणि शंभरांनी फुकट वापरावी, असे होऊ लागले तेव्हा उत्पादकांनी एक युक्ती योजिली. आज्ञावली संगणकावर बसविली, की तिने इंटरनेटवरून उत्पादकाच्या मोठ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, आपला अनुक्रमांक कळवावयाचा. सर्व्हरने आपली नोंदवही पाहून होकार द्यावयाचा, आणि मगच आज्ञावलीने काम करावयाचे. या व्यवहाराला सक्रियकरण म्हणतात. चोराला अडविणे हा त्यामागील हेतू योग्यच होता. तथापि त्यामुळे कुलूप राहिले घेणाऱ्याच्या घरात आणि किल्ली गेली परगावी!

अमेरिकेतील ॲडोबी या कंपनीने २००५ साली ‘क्रिएटिव्ह सूट २’ हा आज्ञावल्यांचा संच विक्रीस काढला. छायाचित्रे सुधारण्याचे प्रसिद्ध ‘फोटोशॉप’ त्यातच होते. छापखानेवाले, चित्रकार व छायाचित्रकार यांनी बरीच किंमत देऊन हा संच घेतला. पुढे नवे संच आले, जुन्याची विक्री थांबली आणि २०१२ च्या अखेरीस त्याचा सक्रियकरणाचा सर्व्हर बंद करण्यात आला. ज्याचा संगणक धडधाकट होता, त्याचे काम चालूच राहिले. परंतु ज्याचा संगणक बिघडला, त्याने तीच तबकडी नव्या संगणकावर बसविली तर होकार देणार कोण? कंपनीने मग सक्रियकरणाची गरज नसलेली एक प्रत उपलब्ध करून दिली. तेव्हा हा संच आता फुकट झाला, अशी आवई जगभर उठली, आणि ही सोय केवळ पूर्वी पैसे दिलेल्यांसाठी आहे, असा खुलासा कंपनीला करावा लागला. ही सोय तरी झाली. प्रत्येक वेळी ती होतेच असे नाही.

‘द क्रू’ या मोटारींच्या खेळाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो २०१४ साली विकावयास काढला. एकट्याने खेळावयाचे असले, तरी सर्व्हरशी जोडलेले राहिल्यावाचून तो चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले, आणि ज्यांनी पैसे देऊन हा खेळ घेतला होता, त्यांच्याही हाती निरुपयोगी तबकडी तेवढी उरली. यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते : आम्ही आज्ञावली विकलीच नव्हती, ती वापरण्याचा परवाना दिला होता. बारीक अक्षरांतील करारात तसे लिहिलेलेही असते. परंतु तो करार वाचतो कोण? दुकानात तर ‘विकत घ्या’ असेच लिहिलेले असते! कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अशा विक्रेत्यांना, ग्राहकास केवळ परवाना मिळत आहे, हे स्पष्ट सांगणे कायद्याने भाग पडले आहे. विकलेले खेळ पुढेही चालू राहतील अशी तजवीज व्हावी, या मागणीवर युरोपात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या.

खेळ गेला तर करमणूक जाते. पण आज्ञावलीच्या आधाराने केलेले कामच हातचे गेले तर? मराठीला या संकटाची चांगली ओळख आहे. संगणक अक्षरे साठवीत नाही; तो अक्षरांचे क्रमांक साठवितो. पूर्वी मराठी आज्ञावल्या तयार करणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या मताने हे क्रमांक ठरविले होते. त्यामुळे एका आज्ञावलीत जुळविलेला मजकूर दुसरीत उघडला, की ‘क’च्या जागी रोमन अक्षर, वेलांटीच्या जागी एखादे चिन्ह, असा सगळा गोंधळ दिसे. त्यातच काही आज्ञावल्यांना कुलूप म्हणून एक लहानसे उपकरण संगणकाच्या पाठीमागे, छपाई यंत्र जोडण्याच्या जागी, खोचावे लागे. नव्या संगणकांना ती जागाच उरली नाही. एखादा ग्रंथ अक्षर न् अक्षर तबकडीवर असावा आणि तरी तो वाचता येऊ नये, अशी ही चमत्कारिक अवस्था होय.

सर्व लिपींतील अक्षरांना जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. देवनागरीलाही तीत स्थान मिळाले. ही पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. मात्र तिच्यापूर्वीच्या पद्धतींत जुळविलेला मजकूर आपोआप तिच्यात येत नाही. जुन्या पद्धतीचे क्रमांक ठाऊक असले, तर तो रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतून काढावा लागतो. त्यातही जोडाक्षरे व रफार चुकतात, म्हणून नंतर ओळ न् ओळ तपासावी लागते. क्रमांकांचा पत्ताच नसला, तर छापील पुस्तक शोधून आणून, ते समोर ठेवून, सारा मजकूर पुन्हा टंकलिखित करावा लागतो.