वॉर्सा : उद्ध्वस्त नगरी, अभंग स्मृती

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांच्या मुलांच्या शाळा तेथे मोकळेपणाने भरत. मायदेशी मात्र जर्मन सत्तेने विद्यापीठे व माध्यमिक शाळा बंद केल्या होत्या. शिक्षक जीव धोक्यात घालून घराघरांतून गुप्त वर्ग चालवीत.

१ ऑगस्ट १९४४ रोजी राजधानी वॉर्सात भूमिगत ‘स्वदेश सेने’ने उठाव केला. तो मोडण्यासाठी जर्मन फौजांनी प्रथम सरसकट संहाराचा मार्ग अवलंबिला. वोला या भागात ऑगस्टच्या पूर्वार्धात अंदाजे ४०,००० नागरिकांची हत्या झाली. त्यांत स्त्रिया, मुले, रुग्णही होते. तरीही प्रतिकार थांबला नाही. मग तोफा व विमाने यांच्या भडिमाराखाली एकेक वस्ती वेगळी पाडून जिंकण्यात आली. सप्टेंबरच्या प्रारंभी जुने शहर पडले, तेव्हा हजारो लढवय्ये भूमिगत गटारांतून निसटले. पुढे विस्तुला नदीच्या पैलतीरी सोव्हिएत सेना पोहोचली. परंतु पुरेसे साहाय्य मिळाले नाही. अन्न, पाणी व दारूगोळा संपत आला आणि ६३ दिवसांनी, २ ऑक्टोबरला, शरणागती पत्करावी लागली. दीड लाखाहून अधिक नागरिक प्राणास मुकले होते.

एवढ्यावर सूडाची तृप्ती झाली नाही. उरलेल्या रहिवाशांना हुसकावून, घरामागून घर जाळण्याचे व सुरुंगाने उडविण्याचे काम विशेष पथकांकडे सोपविण्यात आले. दुर्मीळ हस्तलिखितांचा राष्ट्रीय संग्रहही भस्मसात करण्यात आला. जानेवारी १९४५ पर्यंत शहराचा सुमारे ८५ टक्के भाग नष्ट झाला. माणसांबरोबर त्यांची स्मृतीही पुसून टाकणे, हाच त्यामागील हेतू होता.

तो हेतू मात्र विफल झाला. तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकला विभागातील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी गुप्तपणे ऐतिहासिक वास्तूंची मोजमापे व आराखडे जपले होते. ते पिओत्रकूव येथील मठात लपविण्यात आले. युद्धानंतर वास्तुविशारद यान झाख्वातोविच प्रभृतींनी या आराखड्यांच्या आणि अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तो याच्या नगरचित्रांच्या आधारे जुने शहर पुन्हा उभारले. १९८० मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

शस्त्रबळाने उठाव दडपता आला. बंद दाराआड चाललेले अध्ययन दडपता आले नाही. ज्या वहीत विद्यार्थ्याने एका खिडकीचे माप नोंदविले होते, तिनेच अखेर ती खिडकी परत दिली.