अडसर आणि अडथळा : सामाईक मार्गांवरील अटकावांचा विचार

‘अडसर’ व ‘अडथळा’ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने योजतो. तथापि अडसर म्हणजे मूलतः दाराला आतून लावावयाचे लाकूड; बाहेर कोण आले आहे हे पाहून घरधनी तो काढतो. अडथळा माणूस ओळखीत नाही; तो सर्वांच्याच वाटेत उभा असतो. पादचारी व सायकलस्वार यांच्या सामाईक मार्गांवर उभारलेल्या कठड्यांचा दोष या भेदावरून स्पष्ट होतो.

ब्रिटनमधील राष्ट्रीय सायकल-मार्गजाळ्याची पाहणी सस्ट्रान्स या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केली. तीत असे १६,००० हून अधिक अटकाव आढळले. त्यांचा एक प्रमुख हेतू मोटारसायकलींना मज्जाव करणे हा होता. त्यासाठी कोठे नागमोडी कठडे, तर कोठे हँडलच्या उंचीवर निमुळती होणारी लोखंडी चौकट बसविलेली असे. परंतु लहान मोटारसायकल व साधी सायकल यांच्या रुंदीत अंतर थोडे. पहिलीला अडविणारी फट तीनचाकी सायकलीला, हातांनी चालवावयाच्या सायकलीला आणि पुष्कळदा चाकांच्या खुर्चीलाही अडविते. शेजारी ‘उतरून चाला’ अशी पाटी असते. पण ज्याला चालताच येत नाही, त्याने या आज्ञेचे पालन कसे करावे?

इंग्लंड व उत्तर आयर्लंडसाठी जुलै २०२० मध्ये निघालेल्या शासकीय मार्गदर्शिकेने हा प्रश्न मापाच्या भाषेत मांडला. मार्गाची आखणी करताना २.८ मीटर लांब व १.२ मीटर रुंद सायकल गृहीत धरावी, दोन खुंटांमध्ये किमान १.५ मीटर मोकळी जागा ठेवावी, खुंटांपर्यंत सरळ रेषेत येता यावे, आणि नागमोडी कठडे व उतरण्याची आज्ञा देणाऱ्या पाट्या वापरू नयेत, असे तीत सांगितले आहे. यातील तर्क सोपा आहे. सामान्य मोटारगाडी १.५ मीटरहून रुंद असल्याने अडते. सायकली व खुर्च्या मात्र सुखरूप जातात.

मोटारसायकलीचा प्रश्न अर्थातच उरतो. तो गस्त व देखरेख यांनी सोडवावयाचा आहे. कोणाला जाऊ द्यावे व कोणाला अडवावे, हे ओळखण्याचे काम माणसाचे होय. ते लोखंडाकडे सोपविले की अडसराचा अडथळा होतो.