वारा, तिथी आणि प्रहर

मराठवाड्यातील तेलगावासारख्या ठिकाणी, जेथे पाण्याचा मोठ्यात मोठा विस्तार म्हणजे शेजारच्या माजलगाव धरणाचा जलाशय, तेथे बसून समुद्राच्या उधाणाचा मागोवा घेणे ही काहींस अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु २००९ ते २०२१ या बारा वर्षांत कोकणपट्टीला ज्या चार वादळांनी विशेष हैराण केले, त्यांची हकीकत पंचांग उघडे ठेवून वाचली, तर तिथी पाहून पेरणीची बोलणी करणाऱ्या आमच्या मुलखासही तिच्यातील संगती सहज उमगते.

वादळात समुद्र चढतो तो दोन कारणांनी: हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येते, आणि त्याहून कितीतरी अधिक पाणी वारा किनाऱ्याकडे रेटीत आणतो. मात्र हे चढलेले पाणी घरात शिरणार की वाळूवरच अडणार, याचा निवाडा बहुधा चंद्राकडे असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, हा हिशेब कोळीवाड्यातील पोरासही ठाऊक असतो.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा कार्तिकाचा वद्य पक्ष मध्यावर होता व भरती भांगाची होती. त्या वादळाचा खरा घाव बसला तो भर समुद्रात मासेमारीस गेलेल्या होड्यांवर. याच्या अगदी उलट प्रकार २०१९ च्या दिवाळीत घडला. क्यार हे महाचक्रीवादळ, अरबी समुद्रात २००७ च्या गोनूनंतरचे असे पहिलेच, महाराष्ट्राच्या भूमीस स्पर्शही न करता पश्चिमेकडे निघून गेले; तरीही धनत्रयोदशीच्या दिवसांत, अमावास्या तोंडावर आलेली असताना, सिंधुदुर्गाच्या किनारी समुद्र वस्तीत शिरला. जे वादळ आलेच नाही त्याच्या नुकसानभरपाईचे अर्ज सरकारदरबारी कोणत्या सदराखाली दाखल करावेत, हा पेच एखाद्या मामलेदाराची झोप उडविण्यास पुरेसा आहे!

३ जून २०२० चे निसर्ग मात्र थेट अंगावर आले. ज्येष्ठ शुद्ध द्वादशीची तिथी, म्हणजे पौर्णिमा दोन दिवसांवर. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतील पिढ्यानुपिढ्यांची सुपारी व नारळ काही तासांत आडवे झाले आणि रत्नागिरीस मिऱ्याच्या बंधाऱ्यावर ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन आदळले. एवढ्या अनर्थातही एक गोष्ट किनाऱ्याच्या पथ्यावर पडली: सकाळची भरती टळून सुकती लागल्यावर, दुपारी, वादळाने जमीन गाठली. हेच तीन-चार तास आधी घडते, तर पंचनाम्यांत झाडांबरोबर घरांचेही किती रकाने भरावी लागली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढील वर्षीच्या १७ मे रोजी, वैशाख शुद्ध पंचमीस, तौक्ते मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रातूनच गुजरातकडे सरकले. अमावास्येचे उधाण तोवर उतरणीस लागलेले होते, आणि तरीही गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्यावरून लाटा आत आल्या. त्या लाटांची चित्रे घराघरांत पाहिली गेली. त्याच वेळी बॉम्बे हायजवळ पी-३०५ या तराफ्यावरील २६१ माणसे बुडत्या जहाजाशी झुंजत होती व त्यांतील सत्तरच्या आसपास दगावली, हे उमगावयास दिवस लागले. लाटा पाहण्याच्या आपल्या हौसेत किनाऱ्याचा कठडा तेवढा दिसतो, हे मला त्या वेळी फार खुपले.

मराठवाड्याच्या वाट्यास आलेले वादळ तर दुसऱ्याच समुद्रातले. गुलाब हे २६ सप्टेंबर २०२१ रोजी कलिंगपट्टणजवळ किनारा ओलांडून, क्षीण होत होत, २७-२८ तारखांस आमच्यावर कोसळले. मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले, सोयाबीन पाण्याखाली गेले, आणि सिंदफणा नदीचे पाणी गोदावरीवाटे पुन्हा त्याच बंगालच्या उपसागराकडे निघाले. वादळाचे अवशेष मात्र पश्चिमेस जाऊन अरबी समुद्रात शाहीन या नव्या नावाने उठले व ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. तेव्हा बीड जिल्ह्यातील तलाठी अजून गुलाबच्याच नुकसानीचे पंचनामे करीत होते.