विज्ञान केंद्राच्या मागच्या दाराने

विज्ञान केंद्र म्हटले की आपल्यापुढे शाळेची सहल उभी राहते. वाकडेतिकडे आरसे, बटण दाबताच पेटणारे दिवे, आणि ‘रांगेत चला, रांगेत चला’ असे ओरडणारे गुरुजी. विज्ञान केंद्राचा हा पुढचा दरवाजा झाला. गेल्या वर्षी मला त्याच्या मागच्या दाराने आत जाण्याची संधी मिळाली. तेथे पत्र्याची एक शेड होती, आणि त्या शेडमध्ये ग्राइंडरचा आवाज, प्लायवूडचा भुसा व सोल्यूशनचा उग्र वास भरलेला होता. पुढच्या दालनात मुले ज्या वस्तूंना हात लावतात त्या येथे जन्माला येतात. त्या कशा जन्माला येतात, हे वाचकांना सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. माझ्या मित्रांनी वर्तमानपत्राचे कार्यालय, ग्रंथालय, बँक अशी ठिकाणे निवडली. मी आपल्या शहरातील एका छोट्या विज्ञान केंद्राकडे अर्ज केला. ‘मराठी आणि इतिहास घेतलेला मुलगा तेथे काय करणार?’ असे बहुतेकांनी विचारले. त्याचे उत्तर मी कोणाला दिले नाही, ते येथे देतो. दहावीला मला गणितात चांगले गुण होते. परंतु विज्ञान शाखेचा आणि शिकवणीचा खर्च घरच्यांच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून मी कलाशाखेत आलो. आल्याचे दुःख नाही, पण एक दार आपल्यासाठी बंद झाले ही बोच मनात होती. केंद्राच्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता. माझे वडील फुलंब्री तालुक्यात लोकांच्या शेतात पाइपलाइन बसविण्याच्या कामावर जातात. मी त्या रकान्यात ‘मजुरी’ असे लिहिले, आणि अक्षर जरा बारीकच काढले.

काचेकडून हाताकडे

जुन्या वस्तुसंग्रहालयात वस्तू काचेच्या कपाटात असते आणि भिंतीवर ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. वस्तू दुर्मीळ असते, म्हणून ते योग्यही आहे. विज्ञानाच्या संग्रहालयाचे तसे नाही. तेथे जपायचे असते ते तत्त्व, आणि तत्त्व हात लावल्याने झिजत नाही. जर्मनीत ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ साली म्युनिकच्या ‘डॉइचेस म्युझियम’ची स्थापना केली, तेव्हा यंत्रे चालवून पाहता यावीत असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९६९ साली फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केले. तेथे कारखाना आणि दालन यांच्यातले अंतरच त्याने कमी केले. आपल्या देशात कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय १९५९ साली उघडले. १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. महाराष्ट्रात मुंबईच्या वरळी भागातील नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली आणि नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ साली सुरू झाले. आमचे केंद्र यांच्यापुढे अगदीच लहान, पण कूळ तेच.

वस्तू कशी तयार होते?

मांडणी विभागात चार माणसे होती. आराखडे काढणाऱ्या एक मॅडम, एक इलेक्ट्रिशियन, एक सुतार, आणि ज्यांना सगळे ‘काका’ म्हणत ते आयटीआय झालेले फिटर. पाचवा मी, म्हणजे पाना आण, पाणी भर, फरशी पूस.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न शोधणे. ‘द्रवाचा दाब’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘पाणी चढते कसे?’ हा प्रश्न झाला, असे मॅडम म्हणत. दुसरी पायरी कच्च्या मॉडेलची. पुठ्ठा, दोरा, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, सलाइनची नळी असे जे हाती लागेल त्यातून वस्तू उभी करायची. खर्च कमी असला म्हणजे ती मोडून टाकताना जीव हळहळत नाही. तिसरी पायरी म्हणजे ते कच्चे मॉडेल मुलांपुढे ठेवायचे आणि आपण गप्प बसायचे. मूल आधी कोठे हात घालते, कोठे कंटाळते, काय ओढून पाहते, हे वहीत टिपायचे. मग पक्के मॉडेल. त्यात कोपरे गोल, उंची सातवीतल्या मुलाच्या छातीएवढी, आणि दांडा असा की एखाद्याने लोंबकळून पाहिले तरी निखळू नये. शेवटी फलक लिहायचा. त्यानंतर दुरुस्ती, आणि ती कायमची. काकांचे एक वाक्य माझ्या वहीत आहे: ‘पोरांनी तोडलं तर पोरांची चूक नाही, आपण कच्चं केलं.’

आपल्याच शहरातला प्रश्न

मी गेलो तेव्हा विभागाने पाणचक्कीचे मॉडेल हाती घेतले होते. आपण सर्वांनी पाणचक्की पाहिली आहे. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाला लागून ती उभी आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील ही चक्की १७४४ साली बांधल्याचे सांगतात. पाण्याच्या जोरावर लोखंडी पात्यांचे चाक फिरते, त्यावर जाते फिरते, आणि येणाऱ्या यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई.

तिच्याही आधी या शहराला नहरींची परंपरा होती. १६१० साली खडकी हे नगर वसविणारा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मूळचा इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने शहरासाठी जमिनीखालून पाणी आणले. तीच नहर-ए-अंबरी. पाणचक्कीचे पाणीही उत्तरेकडच्या हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून येते आणि शेवटी एका उंच भिंतीवरून हौदात कोसळते.

जमिनीखालचे पाणी भिंतीवर चढते कसे? पुष्कळ जण ‘सायफन’ एवढे म्हणून थांबतात. खऱ्या सायफनमध्ये नळी उगमाच्या पातळीच्या वर जाऊन पुन्हा खाली येते. येथे नळ उगमापेक्षा सर्वत्र खालूनच जातो, म्हणून याला उलटा सायफन म्हणतात. पाणी आपली पातळी गाठू पाहते. उगम भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच असेल तर मधल्या खोलगट भागातून जाऊनही पाणी त्या माथ्यावर चढते. इंजिन नाही, वीज नाही. फक्त उतार नीट मोजलेला हवा.

पाणी अडले

आमचे मॉडेल असे होते. एका बाजूला वरची टाकी, तिच्यातून निघालेली पारदर्शक नळी, लाकडी फळीवर केलेले चढउतार, दुसऱ्या बाजूला टाकीपेक्षा थोडा बुटका मनोरा, आणि मनोऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याखाली छोटे चाक. कागदावर सगळे बरोबर होते. टाकी भरली, तोटी उघडली. पाणी मधल्या चढापर्यंत आले, पलीकडे थोडे सांडले, आणि मनोऱ्यात अर्ध्यावर येऊन थांबले. टाकी उंच केली, नळी बदलली, सांधे पुन्हा जोडले. दोन दिवस गेले. पाणी हलेना.

नळीच्या चढावर एक लांबट बुडबुडा बसला होता. आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत होतो, पण त्याला कोणी दोषी धरत नव्हते. मला मात्र लहानपणापासून घरात ऐकलेले शब्द आठवले, ‘लाइनीनं हवा धरली.’ बोलायला धीर होईना. कलाशाखेचा मुलगा, त्यात शिकाऊ. संध्याकाळी बाहेर जाऊन मी अण्णांना फोन लावला.

‘चढावर वाल ठिवला का हवेचा?’ त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

‘नाही.’

‘मंग पाणी कसं जाईल? चढाला हवा बसती. तिला वाट कर आधी, मंग पाणी आपोआप जातंय.’

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि ड्रिल उचलले. चढाच्या माथ्यावर भोक पाडून एक उभी आखूड नळी बसविली. पाणी सोडताच हवा सूं करून निघाली, आणि पाठोपाठ त्याच नळीतून पाण्याची चिळकांडी काकांच्या शर्टावर उडाली. नळी आखूड होती. मग ती टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच नेली. आता हवा वर गेली, पाणी नळीत अर्धेअधिक चढून स्थिर राहिले, आणि पलीकडे मनोऱ्यावरून पडू लागले. चाक फिरले.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘नहरीच्या वाटेवर ते दगडी मनोरे आहेत ना, ते हेच आहेत.’

त्या मनोऱ्यांकडे पाहत मी अनेकदा गेलो होतो. कोणत्या तरी जुन्या वाड्याचे अवशेष असतील असे मला वाटे. नहरीच्या नळाला ठिकठिकाणी मिळालेली ती श्वास घेण्याची जागा होती. ते उंच का आहेत, हे काकांच्या ओल्या शर्टाने मला पक्के शिकविले.

फलक

यानंतर माझे खरे काम आले. मराठीचा विद्यार्थी म्हणून फलक मी लिहायचा होता. मी जवळजवळ दोनशे शब्दांचा मजकूर लिहिला. त्यात ‘जलस्थितिक दाब’, ‘वायुअवरोध’, ‘तत्त्वानुसार’ असे शब्द होते आणि मला त्यांचा अभिमान होता. मॅडमनी तो केंद्राच्या चौकीदारांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. ते सौजन्याने ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘छान आहे साहेब, पण करायचं काय?’

फलक सात वेळा लिहिला. आज तेथे पुढील मजकूर लागलेला आहे:

‘पाणी चढते कसे? तोटी उघडून नळी रिकामी करा. तोटी बंद करा. उभ्या नळीला बूच लावा आणि हापसा मारून टाकी भरा. पाणी कोठे अडले? आता बूच काढा. चढावर हवा अडकली होती. तिला वाट मिळाली, तेव्हा पाण्याला वाट मिळाली. आपल्या शहरातील नहरीचे दगडी मनोरे हेच काम करीत.’

यातले बूच आमच्या डोक्यातून आलेले नाही. मॉडेल तपासण्यासाठी एका खेड्यातल्या शाळेची मुले बोलाविली होती. सर्वांचे हात पाठीमागे बांधलेले, कारण बसमधून उतरतानाच ‘कशाला हात लावायचा नाही’ अशी ताकीद मिळालेली. मी ‘लावा, लावा’ म्हणत होतो तरी कोणी पुढे येईना. मला त्यांची अडचण समजत होती. आमच्या शाळेतही प्रयोगाच्या साहित्याचे कपाट कुलुपात असे आणि आम्ही ते काचेतून पाहत असू. शेवटी एक मुलगी पुढे आली आणि मी नळी भरत असताना तिने उभ्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. पाणी अडले. अंगठा काढला, पाणी निघाले. पुन्हा दाबून पाहण्यासाठी तिने मला नळी रिकामी करायला लावली. तिच्या मागे रांग लागली. मॅडमनी वहीत एकच शब्द लिहिला, ‘बूच’.

मजुरी आणि मोजणी

मॉडेल दालनात लागल्यावर एका रविवारी अण्णा आणि आई पाहायला आले. अण्णांनी फलक वाचला नाही. थेट बूच लावले, हापसा मारला, बूच काढले, आणि ‘बराबर हाय’ म्हणाले. मग त्यांनी विचारले, ‘त्या काळी पाइप कशाचे व्हते?’

‘भाजलेल्या मातीचे.’

ते थोडा वेळ मनोऱ्याच्या चित्राकडे बघत राहिले. ‘मंग हे खांब नुसते हवेला नसतील. मातीच्या पाइपाला लई जोर सोसत नाही. वर तोंड उघडं असलं की जोर मोडतो.’

हे विधान नंतर मी पडताळून पाहिले. उघड्या तोंडाच्या मनोऱ्यात पाणी फार तर आपल्या पातळीपर्यंत चढते, त्यामुळे पुढच्या नळावर भलता दाब येत नाही. अण्णा सातवीपर्यंत शिकले आहेत. मलिक अंबरच्या नहरीचे अर्धे कोडे त्यांनी उभ्या उभ्या सोडविले, कारण वीस वर्षे ते उतार मोजत आले आहेत. ज्या घरात विज्ञान नाही असे मी समजत होतो, त्या घरात ते रोज संध्याकाळी चिखलाच्या पायांनी येत होते. त्याला नाव नव्हते एवढेच. विज्ञान केंद्राच्या मागच्या शेडमध्ये मला जर काही मिळाले असेल तर ही ओळख.

तृतीय वर्षाचा प्रवेश अर्ज लवकरच भरायचा आहे. त्यातही तो रकाना असेलच. या वेळी त्यात ‘पाइपलाइन बसविणारे कारागीर’ असे लिहिणार आहे, आणि नेहमीच्या अक्षरात.

— द्वितीय वर्ष, कला शाखा