आधी बाजूला, मग खर्चाला



आमच्या गावात मारुतीच्या पारावर संध्याकाळी चार माणसे बसतात. मीही जाऊन बसतो. नोकरी संपली, पण 'गुरुजी' हे नाव काही सुटले नाही. परवा एक मजूर मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही म्हणता शिल्लक टाका. पण उरतच नाही तं टाकू काय बाप्पा?"

त्याचे बोलणे मला लागले. 'थेंबे थेंबे तळे साचे' हे वाक्य मी शाळेच्या फळ्यावर कितीदा लिहिले असेल! पण तळे साचायला आधी पाणी अडवावे लागते. ते कसे अडवायचे, हे मी पोरांना कधी सांगितले नाही. कारण ते मलाच ठाऊक नव्हते. आज तेच सांगणार आहे.

पैसा येतो कधी, जातो कधी?

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पैसा दरमहा सारखा येत नाही. घाटावर चिखली, मेहकरकडे सोयाबीन. ते दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोदकडे कपाशी. तिची वेचणी दिवाळीपासून पुढे चालते. मग तूर. मजुराचेही तसेच. निंदण, सोंगणी, वेचणी असली की रोज काम. उन्हाळ्यात हात रिकामे.

खर्च मात्र थांबत नाही. जूनमध्ये तर सगळेच एकदम येते. बी आणा, खत आणा, लेकरांची वह्या-पुस्तके आणा. आणि नेमका तेव्हाच खिसा कोरडा असतो. मग माणूस सावकाराचे दार पाहतो. दिवाळीत पैसा येतो, तो सावकाराच्या व्याजात आणि उधारी फेडण्यात जातो. पुन्हा जून येतो. पुन्हा तेच दार. या कर्जापायी आपल्या भागात काय काय घडले, किती घरांतला कर्ता माणूस गेला, ते मी वेगळे सांगायला नको.

म्हणून उरत नाही हे खरे आहे. पण का उरत नाही, ते कागदावर मांडून पाहिले पाहिजे.

एका घराचा हिशेब

समजा, नवरा-बायको दोघे मजुरी करतात. दोन लेकरे आहेत. नवऱ्याला रोज ४०० रुपये, महिन्यात १८ दिवस काम. ते झाले ७,२०० रुपये. बायकोला रोज २५० रुपये, १६ दिवस काम. ते झाले ४,००० रुपये. एकूण ११,२०० रुपये.

आता खर्च पाहा. किराणा ४,२००. दूध आणि भाजी १,५००. गॅस ९००. वीज आणि मोबाईल ७००. शाळा ८००. दवापाणी ६००. कपडालत्ता आणि पाहुणा-रावळा ९००. तंबाखू, सुपारी आणि हॉटेलातला चहा १,२००. बेरीज झाली १०,८०० रुपये.

म्हणजे ४०० रुपये उरायला पाहिजेत. पण या घरावर सावकाराचे २०,००० रुपये आहेत. व्याज दरमहा शेकडा ५. महिन्याला १,००० रुपये नुसते व्याज! म्हणजे उरणे दूरच, ६०० रुपये कमी पडतात. ते कुठून येतात? दुकानाच्या उधारीतून. म्हणून उधारीचा आकडा दर महिन्याला वाढतो.

हे घर उधळे आहे काय? नाही. दोन्ही माणसे राबतात. पण घागरीला तळाशी भोक आहे. वरून कितीही पाणी ओता, घागर भरत नाही. हे भोक व्याजाचे आहे. या हिशेबाने ३० महिन्यांत ३०,००० रुपये सावकाराला जातील, आणि मूळचे २०,००० जसेच्या तसे डोक्यावर राहतील!

आता दुसरी रीत पाहा. समजा, तेच २०,००० रुपये शेकडा २ व्याजाने मिळाले आणि सावकार मोकळा केला. व्याज पहिल्या महिन्याला ४०० रुपये. तंबाखू-सुपारी आणि हॉटेलचा चहा निम्मा केला, तर ६०० वाचले. आता घरात मेळ बसतो आणि कर्जासाठी १,००० रुपये निघतात. त्यातले ९०० कर्जाला द्या. पहिल्या महिन्यात ४०० व्याजात आणि ५०० मुद्दलात जातात. मुद्दल कमी झाले की पुढच्या महिन्याचे व्याजही कमी. असे करत अडीच वर्षांत कर्ज फिटते. उरलेले १०० रुपये दर महिन्याला बचतीत. अडीच वर्षांत तेही ३,००० होतात.

हजार रुपये तेच. एका रीतीने माणूस जिथल्या तिथे. दुसऱ्या रीतीने मोकळा.

डाळीचा डबा

आता माझीच गोष्ट सांगतो. मला तर दरमहा पगार होता. तरी शिल्लक नव्हती. पगार आला की खर्च करायचा आणि उरले तर टाकायचे, अशी माझी रीत. महिनाअखेरीस कधीच काही उरले नाही.

एकदा कसेबसे ३०,००० रुपये जमले. तेवढ्यात एक गोड बोलणारा माणूस आला. म्हणाला, "गुरुजी, थोड्या वर्षांत तिप्पट." मी शिकलेला माणूस, पोरांना व्याजाची उदाहरणे घालणारा! पण लोभापुढे गणित चालले नाही. पैसे दिले. तो माणूसही गेला आणि पैसेही गेले. पुढे मुलीच्या शिक्षणाला मला उसनवारी करावी लागली.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मंडळींनी डाळीचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. डाळीच्या खाली फडक्यात गुंडाळलेल्या ५०० च्या २३ नोटा होत्या. ११,५०० रुपये! मी पाहतच राहिलो.

मी म्हटले, "एवढे होते तर मला सांगितले का नाही?"

ती म्हणाली, "सांगितले असते तर राहिले असते का?"

यावर मला उत्तर सुचले नाही. मी मुख्याध्यापक, आणि धडा मला घरात मिळाला.

तिने ते कसे साठवले? मी किराण्याला पैसे दिले की ती आधी थोडे डब्यात टाकायची. उरलेल्यात महिना भागवायची. मी आधी खर्च करीत होतो आणि मग शिल्लक शोधत होतो. ती आधी शिल्लक काढत होती आणि मग खर्च करीत होती. सारा फरक एवढाच.

पण डब्याचा दोषही त्या दिवशी कळला. डब्यातल्या पैशाला व्याज नाही. चोर, उंदीर, आग यांचे भय आहे. आणि नोट रद्द झाली की धावपळ. तेव्हा ३० डिसेंबरपर्यंत जुन्या नोटा बँकेत भरता येत होत्या, म्हणून ते पैसे वाचले. त्या दिवसांत किती तरी घरांतल्या बायांची अशी झाकलेली पुंजी उघडी पडली. त्यानंतर आम्ही पोस्टात खाते काढले. तिच्या नावाने. पुस्तकही तिच्याचजवळ असते.

बचत गट

डब्याची सवय चांगली, पण जागा वाईट. सवय तीच ठेवून जागा बदलायची, तर बचत गट बरा. १० ते २० बाया एकत्र येतात. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी बसतात. प्रत्येकीने सारखी रक्कम टाकायची. ती वहीत लिहायची आणि गटाच्या नावाने बँकेत ठेवायची. अडीनडीला त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचे. व्याज गट ठरवतो. ते व्याज सावकाराच्या घरी जात नाही, गटातच राहते. म्हणजे ते आपलेच.

१२ बायांनी दरमहा १०० रुपये टाकले, तर ६ महिन्यांत ७,२०० रुपये होतात. एवढ्यावर मोठे कर्ज निघणार नाही. पण बैठक, बचत, कर्जवाटप, परतफेड आणि हिशेब या ५ गोष्टी नियमाने ६ महिने चालल्या, तर बँक गटाला बचतीच्या कित्येक पट कर्ज देऊ शकते. गटांना असे बँकेशी जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून सुरू केले. आपल्या राज्यात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि 'उमेद' अभियान हे काम करतात. पंचायत समितीत विचारले तर माहिती मिळते.

एक सावधगिरी ठेवा. गटाचे कर्ज लग्नाच्या बँडबाज्यात घातले, तर तेही फासच होते.

पैसा ठेवावा कुठे?

पोस्टाची बचत बँक १८८२ पासून चालू आहे. तिच्यामागे सरकार उभे आहे. दरमहा १०० रुपयांपासून ५ वर्षांचे आवर्ती खाते काढता येते. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. २०२० पासून एका माणसाला एका बँकेमागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे.

पतसंस्थाही गावोगाव आहेत. आपल्या जिल्ह्यात १९८६ साली निघालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था परराज्यांतही पोचली. पण बँकेच्या ठेवीला जो विमा आहे, तो कोणत्याही पतसंस्थेच्या ठेवीला लागू नाही. हे ध्यानात ठेवावे. सारा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नये. आणि दाम तिप्पट करणारा माणूस दारात आला, तर त्याला पाणी पाजून वाटेला लावावे.

सावकाराकडे जावेच लागले, तर परवाना विचारा आणि पावती मागा. २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

करून पाहा

बचतीने मजुरी वाढत नाही आणि पाऊसही पडत नाही, हे मला कळते. ज्या घरात खरोखर काही नाही, त्याला मी उपदेश करणार नाही. पण ज्या घरात थोडेही येते, तिथे एवढे करावे :

१. महिनाभर रोजचा खर्च वहीत लिहा. व्याज वेगळे लिहा.

२. पैसा हातात आला त्याच दिवशी थोडा बाजूला काढा. १० रुपये का असेना. पीक विकले, तर त्याच दिवशी जूनचे बी-खत आणि शाळा यांचे पैसे खात्यात टाका.

३. घरच्या बाईच्या नावाने खाते काढा. पुस्तक तिच्याच हाती असू द्या.

पारावरच्या त्या मजुराला मी हेच सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, वही कितीले येते?"

मी घरात जाऊन एक कोरी वही आणली आणि त्याच्या हाती दिली.