तंजावरचे श्वार्ट्झ मंदिर : इतिहास आणि बोध

तंजावरच्या शिवगंगा कोटात, बृहदीश्वराच्या भव्य देवालयाशेजारी, एक लहानसे प्रॉटेस्टंट ख्रिस्तमंदिर उभे आहे. ते देवालय राजराज चोळाने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केले. त्याचे शिखर सुमारे २०० फूट उंच आहे. ख्रिस्तमंदिर १७७९ सालचे असून त्याची बांधणी साधी आहे. शिल्पवैभवाच्या दृष्टीने या दोहोंची तुलना संभवत नाही. तथापि मराठी मंडळ्यांच्या सेवकांना या मंदिराचा परिचय असावा. कारण त्यातील मुख्य अलंकार एका मराठी राजाने अर्पण केलेला आहे, आणि तो राजा ख्रिस्ती नव्हता.

मंदिराचे संस्थापक रेव्ह. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियात झाला. हाले येथे अध्ययन करून १७५० मध्ये ते तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनात आले. पुढे काही वर्षे तिरुचिरापल्लीस सेवा करून ते तंजावरास स्थायिक झाले. मंडळीसाठी ते तमिळ शिकले. दरबाराशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकले. १७८७ मध्ये मृत्युशय्येवरील तुळजाजी राजांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी यास त्यांच्या हाती सोपवू पाहिले. परदेशी धर्मसेवकाने हा भार घेणे श्वार्ट्झ यांना उचित वाटले नाही. राजांचे बंधू अमरसिंग यांनी तो घ्यावा, असे त्यांनी सुचविले. परंतु पुढे काकाच्या ताब्यात मुलाची आबाळ होऊ लागली, तेव्हा श्वार्ट्झ यांनीच त्याच्या रक्षणाची व शिक्षणाची काळजी वाहिली.

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी प्रभूमध्ये निजले. त्यांच्या स्मरणार्थ सरफोजी राजांनी लंडनचे विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी उठावशिल्प करविले. ते या मंदिराच्या पश्चिम टोकास आहे. वृद्ध पाळक शय्येवर पहुडले आहेत, मागे त्यांचे सहकारी गेरिके उभे आहेत, जवळ शाळेतील मुले आहेत आणि राजाने मरणोन्मुख गुरूचा हात हाती घेतला आहे. श्वार्ट्झ यांची समाधी मात्र येथे नसून कोटाबाहेरील सेंट पीटर मंदिरात आहे. तिच्या शिळेवरील इंग्रजी कविता स्वतः सरफोजींची. याच राजाने १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी इतिहास कोरविला. त्याने आपला धर्म सोडला नाही, आणि आपल्या गुरूचे ऋणही लपविले नाही.

बाप्तिस्म्यांची संख्या हेच सेवेचे माप मानणाऱ्यास येथे अपयश दिसेल. पण अनाथ मुलाचा सांभाळ ही सुवार्तेची केवळ पूर्वतयारी नव्हे. ती स्वतःच प्रभूची आज्ञा आहे. राजाने बाप्तिस्मा घेतला नाही म्हणून ती आज्ञा व्यर्थ पाळली गेली, असे कोण म्हणेल?

तरीही शिल्पाने सारा इतिहास सांगितलेला नाही. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठबळाने, आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. मिशन व सत्ता यांचा तो निकट संबंध आपण झाकू नये. त्याहून बोचरी गोष्ट मंडळीच्या आतली आहे. तंजावरच्या तमिळ मंडळीत उच्च म्हणविणारे व दलित बंधू उपासनेस वेगवेगळे बसत. प्रभुभोजनातही क्रम पाळला जाई. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद मोडण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक कुटुंबे मंडळीपासून दूर झाली. संगमरवरात राजाने परधर्मीय परदेश्याचा हात धरला होता; मंडळीतील बांधवांना मात्र शेजारच्या बांधवाचा स्पर्श नकोसा होता.

म्हणून उपदेशकांनी या मंदिराची माहिती देताना दोन्ही गोष्टी सांगाव्या. श्वार्ट्झ यांचे थोरपण त्याने उणे होत नाही. उलट आपल्या मंडळ्यांत कोण कोठे बसतो आणि प्याला कोणाच्या हातून कोणाकडे जातो, हे तपासण्याचे धैर्य त्यातून आपणास लाभावे.