घरबसल्या आंबाविक्री आणि बागायतदाराची पत

आपला हापूस आपणच कां विकूं नये, असा प्रश्न हल्लीं आमचे पुष्कळ सभासद बंधु विचारतात. महाराष्ट्रांत बाजारसमितीच्या आवाराबाहेर होणाऱ्या फळांच्या व भाजीपाल्याच्या विक्रीवरील नियमन सन २०१६ मध्यें उठलें, आणि सन २०१८ मध्यें व्हॉट्सॲपनें लहान धंदेवाल्यांसाठीं निराळी सोय काढली. अडत्याच्या पट्टीची वाट न पाहतां पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकाशीं थेट व्यवहार करतां येतो, हें खरें. परंतु त्यांत जोखीमही आहे.

आमचीच हकीकत सांगतों. महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर आम्हीं वडिलोपार्जित बागेंत लक्ष घातलें. पहिल्या वर्षीं पुतण्यानें निवडक फळांचीं छायाचित्रें इन्स्टाग्रामवर घातलीं. मागण्या भराभर आल्या. पेट्यांत मात्र लहानमोठीं फळें गेलीं, व कांहींत साका निघाला. गिऱ्हाइकांनीं कापलेल्या फळांचीं छायाचित्रें तेथेंच, चारचौघांदेखत, लाविलीं. पुढील हंगामांत तीं घरें आमच्याकडे फिरकलीं नाहींत. फवारणीसाठीं पुन्हां दलालाची उचल घ्यावी लागली.

मग आम्हीं दप्तरांतील जुनी शिस्त धरिली. मोहोर, तुडतुड्यांचा उपद्रव, फवारणी, तोडणी, अढी, जें ज्या दिवशीं घडलें तें त्याच दिवशीं लहान चित्रफितीनें यूट्यूबवर दाखविलें. भाव व फळाचें वजन आधींच लिहिलें. साका बाहेरून ओळखतां येत नाहीं हें सांगून, तसें फळ निघाल्यास बदली देण्याचें कबूल केलें. आरंभीं मागणी थोडी आली. पण आलेलीं घरें टिकलीं. आतां कित्येक जण तोडणीपूर्वींच पैसे भरतात, आणि उचल घेण्याचें कारण उरलें नाहीं.

दोन सूचना कराव्याशा वाटतात. व्हॉट्सॲपच्या साध्या प्रसारण यादीचा निरोप, ज्यानें आपला क्रमांक नोंदवून ठेविला आहे त्यासच पोहोंचतो. यास्तव प्रत्येक पेटींत क्रमांकाची चिठ्ठी घालावी. दुसरें, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर येथील हापुसास सन २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु तें वापरण्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती करून घ्यावी, आणि परप्रांतींचा आंबा या नांवाखालीं विकण्याच्या मोहांत पडूं नये.

पाहणीपत्रकांतील खोटी नोंद एखादे वेळीं वर्षानुवर्षें दडून राहते; येथें ती पेटी उघडतांच उघडी पडते. सभासदांनीं हें ध्यानांत ठेवून मोहोराच्या वेळेपासूनच आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे.